ऑडी टीटी: गरम झाली की मान का टाकायची, ते अखेर सापडलं

सुटलं एकदाचं! रविवारी पहाटे साडेपाचला बोपदेव घाट तीनदा चढले. दुसरा गिअर, मॅन्युअल मोड, एसी चालू. तिन्ही वेळा रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब) इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या मागणीच्या रेघेला चिकटून राहिलं: १०८, १०९, १०७ बार. एकही मिसफायर नाही, डॅशवर पिवळा दिवा नाही. घाटमाथ्यावर गाडी बंद करून बॉनेट न उघडता मुद्दाम वीस मिनिटं तशीच उभी ठेवली, आतली सगळी उष्णता पाइपांत मुरू दिली आणि मग चावी फिरवली. एका सेल्फला चालू. मार्चपासून हा आवाज ऐकला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

जुने अपडेट वाचलेल्यांना सगळं माहीत आहे, नव्यांसाठी थोडक्यात. गाडी २००८ ची ऑडी टीटी (८जे पिढी), २.० टीएफएसआय म्हणजे टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारं इंजिन (कोड बीडब्ल्यूए), डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, फ्रंट व्हील ड्राइव्ह. कंपनीतून निघाली तेव्हा २०० पीएस आणि २८० एनएम. २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरली, फिटनेस आणि पुनर्नोंदणी करून घेतली. मागच्या दिवाळीत मोठी सर्व्हिस, जानेवारीत स्टेज १ मॅप (जादा ताकदीसाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये टाकलेली बदललेली फाइल). फेब्रुवारीपर्यंत गाडी अशी पळत होती की ऑफिसला जाताना मी मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायचे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन तापलं आणि खेळ सुरू झाला. सकाळी थंड इंजिनावर काहीच नाही. दुपारी हडपसरच्या गर्दीत अर्धा तास रांगत गेल्यावर मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला की साडेतीन हजारांच्या पुढे झटके, मग पी २२९३ (पेट्रोलच्या दाबाचा एरर कोड) आणि लिंप मोड (गाडी स्वतःच ताकद कमी करते). पेट्रोल पंपावर पाच मिनिटं बंद केली की पुन्हा चालू व्हायला पाच-सहा सेकंद सेल्फ मारावा लागायचा. मागच्या दोन अपडेटमध्ये बहुतेकांनी एकच सांगितलं: मॅप. मलाही तेच वाटलं. जानेवारीत मॅप, मार्चमध्ये बिघाड, हिशोब सरळ होता. मॅप काढून मूळ फाइल टाकली. झटके कमी झाले, गेले नाहीत, आणि गरम असताना चालू न होण्याची खोड होती तशीच राहिली. मॅप फक्त जास्त पेट्रोल मागत होता. कमी कुठे पडतंय, हा प्रश्न वेगळाच होता.

डायव्हर्टर व्हॉल्व्हचं (पाय काढला की टर्बोचा जादा दाब सोडणारा) थोडक्यात आटोपते. जुना रबरी पडद्याचा होता, काढला तर पडदा कडेने जवळजवळ अर्धा फाटलेला. सुधारित पिस्टनवाला बसवला. स्मोक टेस्ट (हवेच्या पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) केली, इंटरकूलरचा एक क्लॅम्प ढिला होता, तोही आवळला. टर्बोचा दाब आता लवकर येतो आणि दोन गिअरच्या मध्ये पडत नाही. नवा व्हॉल्व्ह घातल्याचं समाधान आहेच, पण पी २२९३ दुसऱ्याच दिवशी परत आला.

मग कॅम फॉलोअर. बीडब्ल्यूए ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. रेलमध्ये पेट्रोल दाबणारा हाय प्रेशर पंप इनटेक कॅमच्या टोकावर असलेल्या तीन पाकळ्यांच्या कॅमवर चालतो आणि कॅम व पंपाचा दांडा यांच्यामध्ये हा बाटलीच्या बुचाएवढा फॉलोअर असतो. त्यावरचा काळा थर झिजला की खालचं लोखंड झिजतं, मग भोक पडतं, मग पंपाचा दांडा थेट कॅमवर घासायला लागतो आणि कॅमशाफ्टचा खर्च अंगावर येतो. तीन टॉर्क्स बोल्ट आणि पाइपचा एक नट, एवढंच काम. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. ही पायरी कुणीही वगळू नये, तापलेल्या इंजिनावर दाबाखालचं पेट्रोल उडणं हा खेळ नाही.

फॉलोअर बाहेर आला. मधोमध रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असं लखलखीत वर्तुळ, बाकी कड काळीच. बोट फिरवलं तर मध्ये किंचित खळगा लागत होता. भोक नव्हतं. कॅमच्या पाकळ्यांवर टॉर्च मारून बघितलं, ओरखडा नाही. इतका आनंद झाला की जुना फॉलोअर धुऊन कपाटात ठेवला आहे. नव्याला इंजिन ऑइल चोपडून बसवलं, बोल्ट दहा न्यूटन मीटरला. इथे टॉर्क रेंचबद्दल एक सांगते. स्वस्तातला मोठा रेंच दहा न्यूटन मीटरवर विश्वासाचा नसतो, त्याची रेंजच तिथून सुरू होते. पाव इंची छोटा रेंच वेगळा घ्या. पंपाचं अंग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसतं आणि तिथला आटा गेला तर पुढचा महिना त्यातच जातो.

नवा फॉलोअर घालून कात्रजच्या जुन्या घाटात गेले. रेल प्रेशर आधी ७० पर्यंत कोसळायचं, आता ८५. मागणी ११० ची. म्हणजे फायदा झाला होता, पण रोग बरा नव्हता. त्या रात्री मी मोठ्या क्षमतेच्या हाय प्रेशर पंपाची किंमत बघून ठेवली होती. आकडा लिहीत नाही, घरचेही हे वाचतात.

पंप मागवण्याआधी बाबांना लॉग (चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद) दाखवला. बाबा पिंपरीत चौतीस वर्षं टूलरूमला होते. टर्बोशी त्यांचा संबंध नाही, पण मोजमाप म्हटलं की ते खुर्ची ओढून बसतात. त्यांनी विचारलं, "पंपाला पेट्रोल देतं कोण?"

"टाकीतला पंप, बाबा. तो खालच्या दाबाने पुढे पाठवतो."

"मग त्याचा आलेख कुठाय?"

नव्हता. तीन महिने मी फक्त रेल लॉग करत होते. लो प्रेशरचा सेन्सर गाडीत होता, कॉम्प्युटरमध्ये आकडा येत होता, मी तो उघडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकत्र लॉग केले. हा आलेख मी आयुष्यभर विसरणार नाही. टाकीतला पंप मरत असता तर लोड वाढला की रेघ खाली झुकली असती. इथे रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी ४ बारवर. आयडलला ४, घाटात ४, थंड असताना ४, गरम असताना ४. पंप थकलेला असेल तर असं होत नाही. कुणीतरी चारच्या वर जाऊच देत नाहीये, असं असेल तरच होतं.

चारच्या वर जाऊ न देणारा भाग या गाडीत एकच: फ्युएल फिल्टर. नुसता गाळणारा डबा नाही तो, त्याच्या आत दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, ठरलेल्या दाबाच्या वरचं पेट्रोल तो टाकीत परत पाठवतो. आमच्या टीएफएसआयला ६.६ बारचा लागतो. त्याच कुटुंबातल्या इतर काही इंजिनांना ४ बारचा. डबा तोच, तीन नळ्यांची जागा तीच, क्लिप त्याच. हाताने बसतो, काहीही अडत नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर घेतली. फिल्टर उजव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे, पोटाखाली असतो. मी खाली, बाबा चटईवर आडवे होऊन टॉर्च धरून. दिवाळीपासूनचा चिखल डब्यावर वाळून बसला होता. मी ओल्या फडक्याने पुसला तरी डोळ्यांना काही दिसेना. बाबांनी खिशातून भिंग काढलं, ते अजूनही ठेवतात. मग शांतपणे म्हणाले, "चार. चार बार लिहिलंय, बघ." पत्र्यावर, बाणाच्या शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत.

दिवाळीच्या सर्व्हिसला ज्यांच्याकडून सामान घेतलं त्यांनी "टीएफएसआयचाच आहे, स्कोडा लॉराला पण हाच जातो" असं सांगून हा हातात दिला होता. मी बिल आणि खोका ठेवला होता, खोक्यावरचा पार्ट नंबर टीएफएसआयचा नव्हताच. फोन केला तर उत्तर मिळालं की सगळ्यांना तोच देतो, कुणाची तक्रार नाही. कुणाची नसेलही. ज्याच्याकडे स्टेज १ नाही आणि जो एप्रिलमध्ये घाटात पाय दाबत नाही, त्याला फारसा फरक कळणार नाही. पण गाडीला ६.६ लागत असताना ४ देणं ही चूकच आहे, आणि माझे तीन महिने आणि एक सर्व्हिस त्यात गेली, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

थंडीत त्रास का झाला नाही, तेही आता जुळतं. पेट्रोल थंड असलं की ४ बारवरही हाय प्रेशर पंपाच्या तोंडाशी ते द्रवच राहतं. उन्हाळ्यात, तापलेल्या इंजिनाच्या शेजारी, त्याच दाबावर त्याची वाफ व्हायला लागते आणि पंप पेट्रोलऐवजी बुडबुडे दाबत बसतो. म्हणूनच गरम असताना सेल्फ लांबायचा. शिवाय आता पंपावर मिळतं ते ई २०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे तेवढ्याच हवेत ई २० थोडं जास्तच ओतावं लागतं, आणि ते ओतण्याचं कामही याच अशक्त लाइनवर. मॅपचं माप मी इंडियन ऑईलच्या एक्सपी १०० वर (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) घेतलं होतं, पण लिटरला दीडशेच्या वर मोजून रोज ऑफिसला जाणं मला परवडत नाही, रोजची गाडी ई २० वरच चालते.

नवा फिल्टर मुंबईहून मागवला, नंबर लिहून, खोक्याचा आणि डब्यावरच्या छापाचा फोटो आधी मागून. त्यांनी दहा मिनिटांत दोन्ही फोटो पाठवले, तिसऱ्या दिवशी पार्सल दारात. यापुढे माझं सामान तिथूनच. बसवायला वीस मिनिटं लागली. बाबांनी बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यावर एकदा, दोनदा वाचलं: ६.६.

त्यामुळे मोठ्या पंपाचा बेत रद्द. मूळ पंप १०८ देतोय, स्टेज १ ला त्याहून जास्त लागत नाही. मॅप शनिवारी परत टाकला, रविवारचे आकडे वर दिले ते मॅपवरचेच आहेत.

मधल्या काळात एक छोटं काम झालं, त्याचा आनंद फिल्टरएवढाच आहे. ड्रायव्हरच्या दाराची काच. आमच्या काचांना चौकट नाही, दार उघडताना काच थोडी खाली यायला हवी आणि बंद झाल्यावर वर जाऊन रबरात बसायला हवी. गेलं वर्षभर ती खाली यायचीच नाही, मी दर वेळी बोटाने काच सांभाळत दार लावायचे. दोष लॉकमधल्या मायक्रोस्विचचा. अख्खं लॉक बदलायला सांगतात सगळे. मी लॉक खोललं, स्विच उकरून काढला आणि तो खिशात टाकून तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, गेले. चौथ्या दुकानात काउंटरवरच्या काकांनी तो उलटापालटा करून बघितला, आतून एक डबा आणला आणि त्याच मापाचा स्विच समोर ठेवला. चाळीस रुपये. सोल्डर करून लॉक परत बसवलं. आता हँडल ओढलं की काच टक् करून खाली येते. येता-जाता दार उघडून बघते.

पुढचं. पंपाचे पैसे वाचले म्हणून कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) १५ मिलिमीटर उचलून अलाइनमेंट करून घेणार होते, कारण आमच्या भागातल्या स्पीडब्रेकरला सध्याची उंची मानवत नाही. पण हे लिहिता लिहिता विचार बदलतोय. स्मोक टेस्टच्या वेळी इनटेकमध्ये बोरोस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) घातला होता, त्याचे फोटो आत्ता पुन्हा बघितले. व्हॉल्व्हच्या मानेवर काजळीचा जाड थर आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतले जातच नाहीत, हे होणारच होतं. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून ते साफ करायचं ठरवतेय. भुगा पॉलिशिंगवाल्यांकडे मिळतो. अडचण नॉझलची: पोर्टच्या तोंडावर घट्ट बसणारा आणि व्हॅक्युमची नळी जोडता येणारा अ‍ॅडॉप्टर हवा. बाबांना विचारलं तर त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला स्केच काढलंसुद्धा. भोसरीत त्यांच्या ओळखीचं एक लेथचं वर्कशॉप आहे, शनिवारी तिथे जातोय. पोर्टचं माप कुणी काढलेलं असेल तर कळवा, मॅनिफोल्ड काढायच्या आत अ‍ॅडॉप्टर हातात हवा आहे.