तुम्ही विचारलंत म्हणून: वाऱ्याचा विमा वेगळा, पाण्याचा वेगळा

फ्लोरिडातल्या टँपा, सारासोटा, फोर्ट मायर्स या पट्ट्यात घर घेणारी मराठी कुटुंबं एक प्रश्न हमखास विचारतात: "चार एजंटांनी चार आकडे दिलेत. सर्वांत कमी हप्त्याची पॉलिसी घेतली तर बिघडलं कुठे?"

बिघडतं ते वादळ येऊन गेल्यावर. म्हणून हप्त्यांची तुलना करण्याआधी प्रत्येक पॉलिसीसाठी एक हिशेब कागदावर मांडा: उद्या छप्पर उडालं तर आपल्या खिशातून किती जाणार, आणि उद्या घरात पाणी शिरलं तर किती जाणार. हे दोन आकडे वेगळेच लिहावे लागतात.

भारतातली सवय इथे पहिल्यांदा घात करते. १ एप्रिल २०२१ पासून भारतात लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत चक्रीवादळ आणि पूर दोन्ही एकत्र येतात. श्रीवर्धनला घराचे पत्रे उडाले काय किंवा महाडला सावित्रीचं पाणी घरात आलं काय, पॉलिसी तीच. फ्लोरिडातली नेहमीची घराची पॉलिसी वाऱ्याचं नुकसान देते. वाऱ्याने आधी छप्पर किंवा खिडकी फोडली आणि त्या भगदाडातून पाऊस आत आला, तर तेही देते. पण जमिनीवरून चढत आलेलं पाणी, मग ते समुद्राच्या लाटेचं असो वा तुंबलेल्या पावसाचं, त्या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी पूर विमा वेगळा घ्यावा लागतो.

२०२४ साली टँपा बेच्या लोकांनी दोन आठवड्यांच्या आत दोन्ही प्रकार पाहिले. २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन हे वादळ जमिनीवर आलं ते बरंच उत्तरेला, बिग बेंड भागात. टँपा बेच्या किनाऱ्यावर मात्र समुद्राची भरती घराघरात शिरली. ९ ऑक्टोबरला मिल्टन हे वादळ सारासोटाजवळच्या सिएस्टा की बेटापाशी धडकलं आणि त्याच्या वाऱ्याने सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं छप्पर फाडलं. फक्त घराची पॉलिसी असलेल्यांना पहिल्या वादळात जवळजवळ काहीच मिळण्यासारखं नव्हतं.

फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती संस्थेच्या राष्ट्रीय पूर विमा योजनेत राहत्या घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळू शकतात. सामानाचं कव्हर वेगळं मागावं लागतं, आपोआप येत नाही. सामानाची भरपाई घसारा वजा करून मिळते. घर दुरुस्त होईपर्यंतचं हॉटेल किंवा भाडं या योजनेत अजिबात नाही. घराची बांधणी महाग असेल किंवा भाड्याचा खर्च झेपणार नसेल, तर खासगी कंपनीचा पूर विमा जरूर तपासा.

नवी पूर पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. कर्जाच्या क्लोजिंगसोबत, म्हणजे घराचा व्यवहार पुरा होताना, घेतली तर ही वाट पाहावी लागत नाही. बँक सक्ती करते ती फेमाच्या पूर नकाशावरच्या ए आणि व्ही या अक्षरांनी सुरू होणाऱ्या झोनमध्ये. 'आमचं घर एक्स झोनमध्ये आहे, बँकेने मागितलंच नाही' हे आम्ही वारंवार ऐकतो. पण एक्स झोन याचा अर्थ बँकेची सक्ती नाही एवढाच. पाणी येणार नाही असा नव्हे. आणि घर विकणाऱ्याला आवर्जून विचारा की त्याची फेमाची पॉलिसी चालू आहे का. ती खरेदीदाराच्या नावावर करता येते. त्याचा हप्ता नव्या दरापेक्षा बराच कमी असेल तर तो तिथूनच पुढे चालतो आणि मुख्य राहत्या घरासाठी सहसा वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. क्लोजिंगनंतर ही संधी गेलेली असते.

आता डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला आपण स्वतः भरायचा पहिला वाटा. फ्लोरिडाच्या पॉलिसीत दोन असतात: एक रोजच्या घटनांसाठी, समजा २,५०० डॉलर, आणि दुसरं हरिकेनसाठी, बहुधा २, ५ किंवा १० टक्के. हे टक्के नुकसानाचे नसतात. ते 'कव्हरेज ए'चे, म्हणजे घर पुन्हा बांधण्याच्या विमा रकमेचे असतात. कव्हरेज ए ४,००,००० डॉलर असेल तर २ टक्के म्हणजे ८,०००, ५ टक्के म्हणजे २०,००० आणि १० टक्के म्हणजे ४०,००० डॉलर. छपराचं नुकसान १८,००० डॉलरचं झालं, तर पहिल्या पॉलिसीत १०,००० हातात येतील आणि बाकी दोन्हींत शून्य. स्वस्त कोटेशनचं रहस्य बहुतेक वेळा इथेच असतं. ही रक्कम डिक्लरेशन्स पेजवर, म्हणजे पॉलिसीच्या सारांशाच्या पानावर, डॉलरमध्येही लिहिलेली असते. तेवढी ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.

एकाच कंपनीकडे हरिकेन डिडक्टिबल कॅलेंडर वर्षात एकदाच भरायचं असतं. म्हणून पहिल्या वादळात नुकसान फक्त ३,००० डॉलरचं असलं आणि काही मिळणार नसलं, तरी कंपनीला कळवा आणि पावत्या जपा. त्याच वर्षी दुसरं वादळ आलं तर ते ३,००० वजा होऊन उरलेलंच डिडक्टिबल लागतं, मात्र रोजच्या डिडक्टिबलपेक्षा कमी नाही. पावत्या फेकणारे इथे हकनाक मार खातात.

कव्हरेज ए बाजारभावावर ठरवू नका. पाण्याजवळच्या घराच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो, आणि जमीन वादळात कुठे जात नाही. रक्कम हवी ती त्याच ठिकाणी, आजच्या मजुरीने आणि सामानाच्या दराने घर पुन्हा उभं करण्याची. घर २००२ पूर्वीचं असेल तर 'ऑर्डिनन्स ऑर लॉ' हे कव्हर ५० टक्क्यांचं मागा; साधारणपणे २५ किंवा ५० असा पर्याय असतो. फ्लोरिडाची राज्यभर लागू असलेली बांधकाम संहिता मार्च २००२ पासूनची आहे. मोठी दुरुस्ती करताना ती नव्या नियमांनुसार करावी लागते आणि तो वाढीव खर्च मूळ कव्हरमध्ये धरलेला नसतो.

छपराची भरपाई पूर्ण किमतीने आहे की घसारा वजा करून, हे लेखी विचारा. बारा वर्षं जुन्या शिंगलवर (छपरावरच्या पातळ फरश्यांवर) हा फरक हजारो डॉलरचा होतो.

हप्ता खरोखर कमी करायचा असेल तर तो डिडक्टिबल वाढवून नव्हे, छप्पर मजबूत करून करा. त्याची किल्ली म्हणजे 'विंड मिटिगेशन'ची, म्हणजे घर वाऱ्याला किती टिकेल याची तपासणी, फॉर्म ओआयआर-बी१-१८०२. घरात बदल केले नाहीत तर तो फॉर्म पाच वर्षं चालतो आणि त्यातल्या गुणांसाठी सवलत देणं कंपनीला कायद्याने भाग आहे. इन्स्पेक्टर माळ्यावर चढून पाहतो की छपराचे वासे भिंतीला कसे जखडलेत: नुसते तिरके खिळे, धातूची क्लिप, की वाशावरून वळवलेली पट्टी. नेहमीची अडचण म्हणजे क्लिप आहे, पण तिला दोनच खिळे आहेत. किमान तीन लागतात. नसतील तर ते घर तिरक्या खिळ्यांच्या वर्गात टाकलं जातं. सुतार काही तासांत हे दुरुस्त करतो, पण ते तपासणीच्या आधी करून घ्यायला हवं. शटरचंही तसंच. सगळ्या खिडक्यांना शटर बसवली आणि एक स्कायलाइट (छपरातली खिडकी) संरक्षणाविना राहिली, तर पूर्ण सवलत हातची जाते, कारण वर्ग सर्वांत कच्च्या उघड्या जागेवरून ठरतो. गॅरेजचं दार लोक नेमकं विसरतात.

सिटिझन्स ही सरकारी कंपनी शेवटचा आधार आहे. खासगी कंपनीचा प्रस्ताव तिच्या दरापेक्षा २० टक्क्यांहून जास्त महाग नसेल, तर तिथे नवी पॉलिसी मिळत नाही. शिवाय तिच्या ग्राहकांना टप्प्याटप्प्याने पूर विमाही सक्तीचा केला जात आहे.

क्लोजिंग ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असेल तर घाई करा, आणि ती योग्य जागी करा. वादळ फ्लोरिडाच्या रोखाने निघालं की कंपन्या नवी पॉलिसी देणं आणि चालू पॉलिसीत कव्हर वाढवणं थांबवतात, कधी वादळ पोहोचण्याच्या कित्येक दिवस आधी. विमा नाही म्हणून बँक पैसे सोडत नाही आणि क्लोजिंग पुढे जातं. कोटेशन हातात असणं म्हणजे विमा नव्हे. एजंटकडून बाइंडर, म्हणजे विमा लागू झाल्याचा तात्पुरता लेखी पुरावा, घ्या आणि त्यावरची लागू होण्याची तारीख क्लोजिंगच्या तारखेशी जुळवून पाहा.