तुम्ही विचारलंत म्हणून: आईशी एवढं काय बिनसलं?

"आईशी तुझं एवढं काय बिनसलंय? शेवटी आईच ना ती?" हे मला इतक्यांदा विचारून झालंय, की एकदा नीट उत्तर देते. विचारणाऱ्याला मोठं कारण हवं असतं. मारहाण, पैसा, लग्नाला विरोध. तसलं काही घडलेलं नाही, आणि म्हणूनच सांगणं जड जातं.

आई चार दिवस राहायला आली होती. मी कामावरून परतले तर माझं कपाट आवरलेलं. सगळे कपडे उपसून, तिच्या पद्धतीच्या घड्या घालून, काठाला काठ जुळवून रचलेले. आतले कपडेसुद्धा. ती खोलीच्या दारात उभी होती, माझ्याकडे बघत. मी म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं?"

"आईला सांगावं लागतं का?"

तेव्हा मी ३८ वर्षांची होते. त्यानंतर सात महिने अबोला. फोन व्हायचे, पण "बरी आहेस ना", "हो", "ठेवते", एवढेच.

त्या दिवसांत एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९७०च्या दशकातल्या प्रयोगाबद्दल वाचलं. आई तान्ह्या बाळाशी खेळता खेळता मध्येच चेहरा कोरा करते आणि थोडा वेळ तसाच ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काही केल्या चेहरा हलेना, की कावरंबावरं होतं आणि शेवटी मान फिरवतं. वाचताना त्या बाळाच्या जागी मी अर्थातच स्वतःला धरलं. मग आठवलं, त्या दिवशी दारात उभं राहून माझा चेहरा कोण न्याहाळत होतं. कोरा चेहरा माझा होता.

ट्रॉनिक यांचं आणखी एक निरीक्षण माझ्या मनात घर करून राहिलंय. सगळं सुरळीत असलेल्या आई-बाळांचेही सूर जुळलेले असतात ते जेमतेम ३० टक्के वेळ. बाकी वेळ चुकतं, आणि दोघं पुन्हा जुळवून घेतात.

म्हणून माझा राग गेला असं नाही. माझ्या कपाटात हात घालायचा तिला हक्क नव्हता, हे मी आजही म्हणेन. आणि "शेवटी आईच ना ती" हे कृपा करून कुठल्याही मुलीला ऐकवू नका. पुढचं सगळं बोलणंच त्याने बंद होतं.

शेवटी फोन मीच केला. "त्या दिवशी मी फार तोडून बोलले. पण कपाटाला हात लावत जाऊ नकोस."

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. फोन ठेवला की काय, असं वाटलं. मग, "बरं." आणि थोड्या वेळाने, "तो तुझा निळा स्वेटर तेवढा बघ. त्याला कसर लागलीये. तेव्हाच सांगणार होते."

फोन कानाला धरूनच मी उठले. स्वेटर काढला, झटकून उजेडात धरला. डाव्या बाहीवर दोन भोकं होती.

"दोन आहेत," मी म्हणाले.

"तीन," आई म्हणाली. "काखेत बघ."