चौथ्या सिलिंडरचा प्लग

दोन लिटरच्या, चार सिलिंडरच्या आणि टर्बो नसलेल्या एका इंजिनावर नवा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा संच) बसवून ट्यूनिंग करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते दीड दिवसात उरकेल असा माझा अंदाज होता. मालक गाडी ट्रॅकवर पळवत असल्यामुळे त्याला वरच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) ताकद हवी होती आणि त्यासाठी त्याने ॲल्युमिनियम वेल्ड करून बनवलेला, आखूड रनरचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या आखूड नळ्यांचा, मॅनिफोल्ड आणला होता. सिलिंडरच्या हवा ओढण्यामुळे दाबाची लाट रनरमधून ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटर, प्लेनमपर्यंत (सगळ्या रनरना हवा पुरवणाऱ्या पेटीपर्यंत) जाते आणि उलटून परत येते. ती व्हॉल्व्ह मिटण्याच्या सुमारास पोहोचली तर सिलिंडरमध्ये थोडी अधिक हवा कोंबली जाते. ६,००० आरपीएमला क्रँकशाफ्टचा एक फेरा अवघ्या १० मिलिसेकंदांत पुरा होतो, आणि वेग जितका वाढेल तितका त्या लाटेला वेळ कमी मिळतो, म्हणून वरच्या ताकदीसाठी रनर आखूड लागतात. त्याच्या बदल्यात खालचा टॉर्क कमी होणार, हे मी मालकाला आधीच सांगितले होते.

वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज (इंजिनाला टेकणारी मॅनिफोल्डची सपाट पट्टी) वाकतो, त्यामुळे नवा मॅनिफोल्ड मी कधीही तपासल्याशिवाय बसवत नाही. फ्लँजवर सरळपट्टी आडवी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवले, तर चौथ्या पोर्टच्या बाजूला ०.२५ मिलिमीटरचे पाते सहज आत गेले. तो फ्लँज मिलिंग करून सपाट करून घेतला, पोर्टच्या आत डोकावणारी गॅस्केटची कड कापून काढली आणि मधल्या बोल्टांपासून बाहेरच्या बाजूला जात तीन टप्प्यांत सगळे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. गळती शोधण्यासाठी आत धूर सोडून केलेल्या स्मोक टेस्टमध्ये धूर कुठूनही बाहेर आला नाही. प्लेनम मोठा असल्याने आयडल (थ्रॉटल न दाबता इंजिनाचे चालणे) सुरुवातीला डळमळत होते, पण ते तासाभरात जागेवर आले.

दुसऱ्या दिवशी गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली. या ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) हवेचा अंदाज मॅप सेन्सरने मोजलेल्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून येत असल्यामुळे, नव्या मॅनिफोल्डसाठी इंधनाचा संपूर्ण तक्ता पुन्हा भरावा लागणार होता. मी खालून वर टप्प्याटप्प्याने गेलो. पूर्ण थ्रॉटलला वाइडबँडवर (एक्झॉस्टमधला सेन्सर) लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, ०.८८ स्थिर दिसत होता आणि आलेखाची रेघ इतकी सरळ होती की मी निर्धास्त होतो. तेवढ्यात ६,४०० आरपीएमच्या पुढे, ब्लॉकवर लावलेल्या मायक्रोफोनच्या हेडफोनमध्ये वाळू सांडल्यासारखा बारीक कडकडाट ऐकू आला. मी तत्काळ थ्रॉटल सोडला.

इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, दोन अंश मागे घेऊन पुढची रन करणे हा सोपा मार्ग होता. पण त्या टायमिंगला असे इंजिन नॉक करावे (मिश्रण आपोआप भडकून तसा कडकडाट व्हावा) याला मला कारण दिसेना, म्हणून चारही स्पार्क प्लग काढले आणि क्रमाने फडक्यावर मांडले. पहिल्या तीन प्लगांचे पोर्सेलीन फिकट तपकिरी होते. चौथ्याचे पांढरेफटक होते, आणि भिंगाखाली धरल्यावर त्यावर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके दिसले. नुकसानीची पुढची पायरी म्हणजे पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे चमकदार कण. ते अद्याप आलेले नव्हते. बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून पिस्टनच्या कडा नीट पाहिल्या, त्या शाबूत होत्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

साहजिकच पहिला संशय त्या वाकलेल्या बाजूवर गेला. पण पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमधला दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच असतो, त्यामुळे फटीतून आत ओढली जाणारी हवा नगण्य ठरते. शिवाय पुन्हा केलेली स्मोक टेस्टही स्वच्छ निघाली. मग पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या इंजेक्टरांची अदलाबदल करून, कमी टायमिंगवर एक छोटी रन घेतली. पांढरा प्लग पुन्हा चौथ्याचाच. म्हणजे इंधन बरोबर पोहोचत होते आणि हवाच जास्त जात होती. थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप) प्लेनमच्या एका टोकाला होती; तिथून वेगाने येणारी हवा जवळच्या पहिल्या रनरचे तोंड ओलांडून पुढे जाते आणि बंद टोकाशी थोपून चौथ्यात शिरते. वाइडबँड चारही सिलिंडरांचा एक्झॉस्ट जिथे एकत्र होतो तिथे बसवलेला होता, त्यामुळे पहिल्याचे रिच (जास्त इंधनाचे) मिश्रण चौथ्याचे लीन (कमी इंधनाचे) मिश्रण झाकत होते आणि मला सरासरी तेवढी सुंदर दिसत होती.

एक्झॉस्टच्या चारही नळ्यांना तापमान मोजणारे थर्मोकपल लावले. चौथ्या नळीचे तापमान पहिल्यापेक्षा ४५ अंशांनी जास्त होते. ईसीयूमध्ये प्रत्येक सिलिंडरचे इंधन स्वतंत्र बदलता येत होते. चौथ्याला सहा टक्के वाढवले, पहिल्याचे दोन टक्के काढले, चौथ्याचे टायमिंग दीड अंश मागे घेतले आणि दर दोन रननंतर प्लग काढून पाहत गेलो. संध्याकाळपर्यंत चारही प्लग एका रंगाचे झाले आणि हेडफोनमधला आवाज पूर्ण थांबला. ३,५०० आरपीएमला टॉर्क चौदा न्यूटन-मीटरने घटला होता, आणि ७,००० च्या पुढे अकरा अश्वशक्ती वाढली होती.

मालकाला मी ते चार जुने प्लग त्याच क्रमाने दाखवले आणि स्पष्ट सांगितले की मी केवळ इंधन जुळवले आहे, हवेची वाटणी अजून असमानच आहे. ती सुधारायची तर प्लेनम कापून शेवटाकडे निमुळता करावा लागेल. तोपर्यंत मी आरपीएमची मर्यादा ७,५०० वरून ७,२०० वर आणली. त्याने ती मान्य केली, आणि चौथा प्लग खिशात घालून घेऊन गेला.