संकासुराची जीभ

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आंघोळ झाली तरी कानात अजून झांज वाजतेय. पेडण्याहून दशावतार बघून फोंड्याला परतताना बसमध्ये बाकीची मुलं झोपली. सातवीतला एक मात्र (नावं इथे लिहीत नाही) अख्खी वाट जीभ बाहेर काढून काचेत स्वतःलाच बघत होता.

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात नाटकाच्या तासाला 'नाट्यरसग्रहण' म्हटलंय. मला दर वेळी हसू येतं. वर्गात आठ मुलं, सगळ्यांना कमी-अधिक बौद्धिक अक्षमता. अभिनय कसा, नेपथ्य कसं, हे फार पुढचं. इथे पहिला प्रश्न असतो: तो माणूस खरंच मेला का?

गेल्या वर्षी त्यांना एका मोठ्या नाट्यगृहात नेलं होतं. तिसरी घंटा झाली, दिवे गेले आणि आमच्या एका मुलीने किंकाळी फोडली. पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळून म्हणाल्या, "अशांना आणताच कशाला?" मध्यंतरापर्यंत आम्ही बाहेर पायऱ्यांवर शेंगदाणे खात बसलो. त्या बाईंचा राग अजून गेलेला नाही, पण चूक माझीही होती. गप्प बसण्याची तालीम महिनाभर घेतली, अंधाराची एकदाही नाही. 2023 ला पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला, तेव्हापासून रॅम्प आहे का, असं निदान विचारतात तरी. अंधाराचं कोण विचारतो?

म्हणून यंदा जूनपासूनच खिडक्यांना काळी चादर. पहिली घंटा: पाणी, लघवी. दुसरी: आपापली जागा. तिसरी: दिवा जाणार, शेजाऱ्याचा हात धरा. अंधारात तीन आकडे मोजण्यापासून सुरुवात केली, दिवाळीपर्यंत पूर्ण मिनिटावर आलो. दिवा आता तीच मुलगी बंद करते. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

आणि यंदा नाट्यगृहाऐवजी दशावतार. लहानपणी आजीबरोबर जत्रेत पाहिला तो असाच: पोरं चटईवर झोपलेली, कोणी चणे खातंय, मध्येच बक्षीस पुकारलं जातंय. तिथे कोण कोणाला गप्प करणार! खरा प्रयोग मध्यरात्रीच्या सुमाराला, पण कंपनीच्या मालकांनी आमच्यासाठी संकासुर राक्षसाचा प्रवेश सातलाच करायचं कबूल केलं.

त्याआधी रंगपट. नट आपापली पेटी उघडून, तिच्यावर आरसा टेकवून स्वतःच रंग लावत होते. लुगडं नेसणाऱ्या बाप्याकडे बघून मुली खिदळल्या. मग एकाने संकासुराचा काळा बुरखा डोक्यावरून ओढला, लाल जीभ छातीपर्यंत लोंबली, आणि बसमधला तो आमचा हिरो किंचाळून माझ्या पाठीमागे. नटाने लगेच बुरखा काढला, उकिडवा बसला आणि जीभ त्याच्या हातात दिली. त्याने ती ओढली, चुरगळली, हुंगली.

"टीचर, कपडो!"

मला वाटलं, संपली भीती. कुठली! पायपेटी वाजली, मृदंग घुमला, तोच नट तीच जीभ हलवत आला आणि पोरगा पुन्हा ओरडला. फक्त या वेळी दुसऱ्या बाकापर्यंतच पळाला, आणि पळताना हसत होता. तिथून मान उंचावून बघत राहिला. तेवढ्यासाठी मी सहा महिने चादरी टांगत होते.

विष्णूने संकासुराला मारलं तेव्हा अंधाराला ओरडणारी ती मुलगी माझ्या कानाशी आली. "तो खरेंच मेलो?" मी तोंड उघडायच्या आत आमच्या हिरोने मास्तरासारखं उत्तर दिलं, "ना. कपडो."

आत्ताच त्याच्या आईचा फोन येऊन गेला. बाबांचा लाल पंचा दातांत धरून त्याने आजीला स्वयंपाकघरभर पळवलं म्हणे. आजी खरीच घाबरली की तीही नाटक करत होती, ते सोमवारी विचारायला हवं.