इआन्थीची गोष्ट, नोंद ६ : इफिसला वर्तमानकाळ नाही

इआन्थीच्या तोंडून मी जी गोष्ट लिहितेय, तिचं पाचवं प्रकरण अडलंय असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते सुटलं, आणि कथानकामुळे नाही तर व्याकरणामुळे सुटलं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मूळ गोष्ट थोडक्यात. रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसेस' या लॅटिन काव्याच्या नवव्या सर्गात ती येते. क्रीट बेटावर फायस्टोसच्या मुलखात लिग्डस नावाचा गरीब माणूस गरोदर बायकोला बजावतो, मुलगी झाली तर जगवायची नाही. इसिस ही इजिप्तची देवी बायकोच्या, म्हणजे टेलेथूसाच्या, स्वप्नात येते आणि सांगते, होईल ते लेकरू वाढव. मुलगी होते. टेलेथूसा तिला मुलगा म्हणून वाढवते. आजोबांचं इफिस हे नाव मुलालाही चालतं आणि मुलीलाही, एवढाच तिला दिलासा. पुढे इफिसचं लग्न इआन्थीशी ठरतं, दोघींचा एकमेकींवर जीव जडतो, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी देवळात इसिस इफिसला पुरुष करून टाकते.

ओव्हिड इफिसला लांबलचक स्वगत देतो. गाय गाईसाठी झुरत नाही, घोडी घोडीसाठी नाही, मग मलाच हे काय झालं, असं ती स्वतःला टोचत राहते. इआन्थीच्या वाट्याला मात्र लग्नाचा देव लवकर यावा एवढी एक प्रार्थना. तीही ओव्हिडच सांगतो, तिच्या तोंडून आपण काहीच ऐकत नाही. माझी निवेदक तीच आहे. आणि माझ्या गोष्टीत इफिस पुरुष होत नाही. इफिसमध्ये जन्मापासूनचा पुरुष पाहणारे वाचक आहेत, त्यांचं वाचन मला पटतं, ते खोडायचं नाहीये. पण दोन मुलींची म्हणून ही गोष्ट शेवटपर्यंत गेलेली मला वाचायची होती, म्हणून लिहायला घेतली.

वयाचं आधीच ठरवून टाकलं होतं. ओव्हिडकडे लग्न ठरतं तेव्हा इफिस तेरा वर्षांची आहे. माझ्याकडे दोघी बाविशीच्या आहेत आणि गोष्ट तिथूनच सुरू होते. मूळ काव्यात टेलेथूसा आजारपण, अपशकुन, स्वप्नं अशी कारणं काढून लग्न पुढे ढकलते. ते काही ओळींत उरकतं. मी त्याची नऊ वर्षं केली.

आता अडलं कुठे होतं ते. इफिस बोलायला लागली की मराठी तिला उघडं पाडते. 'मी येते' लिहिलं की गुपित फुटलं. 'मी येतो' लिहिलं तर चारचौघांत ठीक, पण इआन्थीशी एकांतात बोलताना ते माझ्याच कानाला खोटं लागायचं. दोन खर्डे त्यातच गेले.

मग एका रात्री इफिसचे सगळे संवाद वेगळे काढले आणि क्रियापदांखाली रेघा मारत बसले. 'मी येईन', 'मी सांगेन', 'मी थांबेन' यात बाई की पुरुष ते कळत नाही. 'मला आवडतं' मध्ये कळत नाही. 'मी पाहिलं' मध्येही नाही. भूतकाळातल्या आणि भविष्यातल्या वाटा थोड्या मोकळ्या आहेत. कोंडी होते ती मुख्यतः वर्तमानात. तेव्हा ठरवलं, इफिस जगाशी बिनदिक्कत 'येतो-जातो' बोलेल, पण इआन्थीपाशी तिला ते बोलवणार नाही. तिथे ती फक्त 'येईन', 'राहीन', 'आणीन' म्हणेल.

आणि हे इआन्थीच्या लक्षात येणारच. ती विचारते, "सगळं उद्यावर. तुझ्याकडे आज नाहीच का?" हे वाक्य उतरलं आणि प्रकरण चालायला लागलं.

कोल्हापूरच्या एका मैत्रिणीला खर्डा वाचायला दिला होता. ती म्हणाली, आमच्याकडे बायका सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात, त्यात लपवण्यासारखं काय? आधी मी हिरमुसले. मग त्यातूनच टेलेथूसा सापडली. लहान मूल आईचं ऐकून बोलतं, आईजवळ वाढणारे कितीतरी मुलगेही सुरुवातीला 'मी जाते' म्हणतात. म्हणून माझी टेलेथूसा मूल पोटात असल्यापासून स्वतःच 'मी जातो' बोलायला लागते. शेजारणींना वाटतं, हिच्या माहेरची बोली असेल. लेकीच्या कानावर घरात 'येते' हा शब्द पडूच द्यायचा नाही, बावीस वर्षं. पूर्ण गोष्टीत मला सगळ्यात जवळची आता ही बाई झालीय.

मागाचा प्रसंगही पुन्हा लिहिला. ग्रीक माग उभा असतो. वरच्या आडव्या दांड्याला धागे बांधतात, खाली मातीची वजनं लोंबतात, आणि कापड वरून खाली विणत येतात. बाल्कनीच्या ग्रिलला काठी बांधून, सुतळीच्या टोकांना लोखंडी नट लावून करून पाहिलं. आडवा धागा वरच्या दिशेने ठोकायचा असतो. दहा मिनिटांत खांदे भरून आले. दर वेळी धाग्यांची फळी पुढे ओढली की नट एकमेकांवर किणकिणत. तो आवाज थेट प्रकरणात गेला. इफिसला मुलगा म्हणून वाढवलंय, तिला विणता येत नाही. ती इआन्थीच्या मागे उभी राहून सुताची गुंडी धरते, आणि वजनं वाजायची थांबली की दोघींना कळतं, विणणं कधीचं थांबलंय.

सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीचा एक तुकडा इथे मनात होता. आई गं, माग चालवता येत नाही, प्रेमदेवता अफ्रोदितीने त्या 'पाइस'च्या ओढीनं मला पार नमवलंय. ग्रीकमध्ये 'पाइस' मुलगाही आणि मुलगीही. भाषांतरात एक निवडावं लागतं. मराठीत 'पोर' आहे.

'हे तर शिखंडीचं झालं' असं दोघा-तिघांनी कळवलंय. बरोबर आहे. तिथेही मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी, दशार्णाच्या राजकन्येशी लग्न, मग स्थूण यक्षाशी अदलाबदल. पण ती राजकन्या फसवणूक झाल्याचं दाईला सांगते आणि गोष्टीतून जवळजवळ नाहीशीच होते. तिच्याबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. माझ्या हातात सध्या ही एकच आहे.

उरलंय देवळाचं प्रकरण. ओव्हिडकडे टेलेथूसा स्वतःच्या आणि लेकीच्या केसांची फीत सोडते, वेदीला मिठी मारते, वेदी हलते, देवळाची दारं थरथरतात, इसिसचं सिस्ट्रम, म्हणजे तिचं खुळखुळ्यासारखं वाद्य, खुळखुळतं. इफिस बाहेर पडते ती आधीपेक्षा लांब पावलं टाकत. बदलाची पहिली खूण तीच. माझी इआन्थी बाहेर अंधारात उभी आहे. वेदी हलल्याचा आवाज तिने ऐकलाय. ती पावलं ऐकते. नेहमीएवढीच आहेत. ती हाक मारते.

काल रात्री इथपर्यंत लिहिलं. इफिसचं उत्तर एका शब्दाचं आहे, आणि तो तिने जन्मात कधी उच्चारलेला नाही : "आले."