स्पूल ते अबटमेंट : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत बाबांचं छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ, एक होनिंग मशीन, आणि काम म्हणजे हायड्रॉलिक व्हॉल्वचे स्पूल. स्पूल म्हणजे बोअरमध्ये, गोल भोकात, सरकणारा दांडा, फट ५-१० मायक्रॉनची, जास्त झाली तर तेल गळणार, कमी झाली तर अडकणार. बाबा स्पूल तेलात बुडवून बोअरमध्ये सोडायचे आणि तो आपल्याच वजनानं कसा सावकाश उतरतो ते बघत उभे राहायचे, गेज नंतर. हे सगळं बघतच मी मोठा झालो.

वहिनी डेंटल टेक्निशियन, शहापूरच्या एका लॅबमध्ये होती. इम्प्लांटवरचा कस्टम अबटमेंट, म्हणजे हाडातला स्क्रू आणि वरची कॅप यांच्यामधला त्या पेशंटपुरता बनवलेला तुकडा, तेव्हा तिकडं मेणात कोरून ओतायचे. एकदा ती असाच एक पीस घरी घेऊन आली आणि बाबांना म्हणाली, "मामा, हा नीट बसत का नाही बघा की." बाबांनी भिंग लावलं, खालची सीट, म्हणजे इम्प्लांटवर टेकणारी बाजू, नखानं चाचपली आणि म्हणाले, "अगं, सीट खरखरीत आहे, हे ओतकामाचं काम नव्हे, हे मशीनवर व्हायला पाहिजे." आमचा आत्ताचा धंदा सुरू झाला तो तिथून.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या ब्रेनेमार्कनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला बसवला, हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हे त्यांनीच दाखवलं. त्या स्क्रूवर अबटमेंट आणि त्यावर दाताची कॅप. तयार अबटमेंट मिळतात, पण ते गोल आणि सरळ, आणि माणसाची हिरडी काय गोल नसते, शिवाय हाड कमी असलं की डॉक्टरला इम्प्लांट तिरका घालावा लागतो. मग आमच्याकडं फाइल येते. डॉक्टर इम्प्लांटवर स्कॅन बॉडी, म्हणजे त्याची जागा आणि कोन दाखवणारी खुंटी, लावून तोंड स्कॅन करतात, त्यावरून वहिनी कॉम्प्युटरवर अबटमेंट उभा करते, कड हिरडीच्या अर्धा-एक मिलिमीटर खाली, समोरच्या दातात तर धातू अजिबात दिसता कामा नये. मग मिलिंग, म्हणजे मशीनवर कापणं.

टायटॅनियमनं आम्हाला सुरुवातीला लई रडवलं. लोखंड जशी उष्णता वाहून नेतं तसं ते नेत नाही, सगळी गरमी टूलच्या टोकाला राहते, कूलंटची धार जरा हलली की १ मिलिमीटरचा कटर गेलाच, आणि बारीक चिप्स पेटतात म्हणून मशीनखाली साठू द्यायच्या नाहीत. झिर्कोनिया म्हणजे पांढरं सिरॅमिक, त्याचं वेगळंच, तो भट्टीत २० ते २५ टक्के आकसतो म्हणून आधी तेवढा मोठा कापायचा आणि मग साधारण १५०० डिग्रीला भाजायचा, मध्येच लाईट गेली तर रात्र वाया, म्हणून जनरेटर घ्यावाच लागला.

पण सगळ्यात मोठा धडा खानापूरच्या केसनं दिला. कॅप बसवून तीन महिने झाले आणि डॉक्टरांचा फोन आला, स्क्रू सैल झालाय, मावशींना भाकरी चावताना दात हलतोय म्हणून. टॉर्क, म्हणजे स्क्रू आवळायचा जोर, त्यांनी बरोबर दिला होता. पार्ट परत मागवला, बाबांनी सीटच्या टेपरला, म्हणजे निमुळत्या भागाला, निळा रंग लावून तो नमुन्याच्या इम्प्लांटमध्ये दाबून काढला, तर निळा एकाच बाजूचा पुसलेला. म्हणजे टेकत होता अर्धाच. शोधलं तर तो सकाळचा पहिला पीस निघाला, स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दांडा, थंड असतानाच कट लावलेला. चूक आमचीच होती, नवीन पार्ट फुकट करून दिला आणि मी स्वतः जाऊन मावशींना भेटून आलो. तेव्हापासून सकाळी अर्धा तास मशीन रिकामी फिरते, आणि टेपरचा एकही पीस निळा लावून बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. हे काम अजून बाबाच करतात.

आज काम निपाणी, चिकोडी, गोकाककडून येतं, तिकडून चंदगड, गडहिंग्लजवरून पण येतं, फोनवर अर्धं मराठी अर्धं कन्नड चालतं, आणि पार्ट घाईचा असला की बसच्या पार्सलनं जातो. काही डॉक्टर म्हणतात इम्प्लांट कुठल्या कंपनीचा माहीत नाही, अंदाजानं करून द्या. ते आम्ही करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. एक्सरे बघतो, मोजतो, तरी खात्री नसेल तर सरळ नाही म्हणतो, कारण अंदाजाची सीट आज बसल्यासारखी वाटते आणि वर्षभरानं आत स्क्रू तुटतो, मग तुटलेला तुकडा काढताना हाल पेशंटचे.

परवा चंदगडहून एक मोठी केस आलीये, आजोबांचा अख्खा खालचा जबडा, ४ इम्प्लांट आणि चारही जोडणारी एकच टायटॅनियमची बार. एका टोकाचा स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्या टोकाला फट उघडते का बघायचं, उघडली तर बार पुन्हा नव्यानं करायची. वहिनीनं डिझाइन तिसऱ्यांदा बदललंय, बाबांनी निळ्याची डबी आत्तापासूनच टेबलावर काढून ठेवलीये, उद्या मशीन गरम झाली की कट लावायचाय.