कप बसल्याचा आवाज

मे महिन्यातल्या त्या शनिवारला आता तीन आठवडे होऊन गेले. गाडी रामटेकला जाऊन आली, पैसे मिळाले, कोणाची काही तक्रार नाही. तरी रात्री आडवा झालो की ते डावं चाक डोळ्यांसमोर येतं.

नागपूरच्या धंतोलीत राहणाऱ्या एका काकांकडे १९७४ ची सीजे थ्री बी जीप आहे. उंच बॉनेटवाली. या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिन उंच आणि त्यापायी बॉनेटही उंच. काकांच्या वडिलांनी घेतलेली गाडी. ती गॅरेजला न्यायची नाही, काम घरीच करायचं, हा त्या घरचा नियम आहे आणि मला तो मान्य आहे. जुनी गाडी गॅरेजात चार दिवस उभी राहिली की तिचे पार्ट कमी होतात, हे मी याच धंद्यात तीस वर्षं काढून सांगतो.

काकांचा फोन आला. "मिस्त्री, चाळीसच्या वर गेली की पुढून घुमते हो. रविवारी पहाटे नातवंडांना घेऊन रामटेकला निघायचं आहे."

शुक्रवारी संध्याकाळी जाऊन एक चक्कर मारली. गाडी उजवीकडे वळवली की आवाज वाढायचा, डावीकडे वळवली की दबायचा. म्हणजे भार डाव्या चाकावर आला की ते ओरडत होतं. जॅकवर घेऊन चाक फिरवलं आणि स्प्रिंगवर हात ठेवला, तर हाताला खरखर लागली. डावं बेअरिंग गेलं होतं. कशानं गेलं तेही काकूंनीच सांगितलं. मागच्या पावसाळ्यात मोठ्या नातवानं व्हिडिओ काढायला गाडी नदीतून घातली होती. दहा-वीस किलोमीटर चालून तापलेलं हब, म्हणजे चाकाच्या मधला बेअरिंगं बसतात तो भाग, थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढते. वरून गाडी कोरडी दिसते. आत ग्रीसचा दह्यासारखा पांढरा लगदा होतो आणि रोलरना गंज धरतो. मोबाइलवर असे व्हिडिओ पाहून लोक खूश होतात. त्यानंतर हब उघडून ग्रीस बदलल्याचा व्हिडिओ मी आजपर्यंत पाहिला नाही.

या जीपला पुढच्या प्रत्येक हबमध्ये आत-बाहेर एकाच नंबरची दोन टेपर बेअरिंगं लागतात, कोन १८५९० आणि कप १८५२०. कोन म्हणजे आतला रोलरवाला भाग, कप म्हणजे त्याच्या बाहेरची कडी. घाट रोडला पहिल्या दुकानात जे डबे मिळाले ते मी काउंटरवरच परत केले. डबा ओळखीचा, पण कोनवरचा नंबर नखाला लागत नव्हता आणि कानाजवळ हलवल्यावर रोलर जाळीत खुळखुळत होते. दुकानदार म्हणाला, "सगळे हेच नेऊन राहिले, भाऊ." नेत असतील. दुसऱ्या दुकानातून चार नग घेतले, सील घेतली, आणि शनिवारी सकाळी पोट्ट्याला घेऊन धंतोलीला पोचलो. पोट्टा म्हणजे माझा मदतनीस, एकोणीस वर्षांचा, दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे.

उजवी बाजू आधी केली. ती सरळ झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डाव्या बाजूला पहिली गोष्ट म्हणजे चाकाचे नट. या जीपच्या डाव्या चाकाचे आटे उलटे असतात. बोल्टच्या तोंडावर त्यासाठी एल कोरलेला असतो, पण रंगाच्या चार थरांखाली तो कोणाला दिसणार? इथे दोन बोल्ट आधीच बदललेले होते, म्हणजे कोणीतरी चुकीच्या बाजूला जोर लावून मूळचे तोडले होते. पुढे हबच्या तोंडावरची ड्राइव्ह फ्लँज काढली आणि बेअरिंगचा नट पाहून जीव कळवळला. सहाही कोपऱ्यांवर छिन्नीचे घाव. या नटाला दोन पूर्णांक एक सोळांश इंचाचा बॉक्स पाना लागतो. तो बाजारात सहज मिळत नाही, म्हणून लोक छिन्नी लावून ठोकत सुटतात. माझ्याकडे उस्तादांनी दिलेला पाना आहे. तो मी कोणाला उसना देत नाही.

ऊन तोवर चांगलंच चढलं होतं, पोर्चमधली फरशी हात लावू देत नव्हती. काकूंनी आतून मोठा लोखंडी कूलर ढकलत आणला. मी नको म्हणत होतो. "उन्हात पडाल तर काकांचं रामटेक राहील," म्हणाल्या, आणि फुल स्पीडवर चालू करून दिला. सोबत पन्ह्याचे दोन ग्लास. ज्यांनी नागपूरचा तो पत्र्याचा कूलर ऐकला आहे त्यांना पोर्चमध्ये काय आवाज झाला असेल ते समजेल.

आता कपबद्दल. बेअरिंगचा कोन स्पिंडलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर, हातानं सरकतो, पण कप हबमध्ये टाइट बसतो, ठोकूनच बसवावा लागतो. त्याला सरळ हातोडी मारायची नसते. मी जुना कप ग्राइंडरवर बाहेरून घासून ठेवला आहे, हबमध्ये अडकणार नाही इतका. नवीन कपावर तो ठेवायचा, त्यावर पितळी रॉड, आणि गोल फिरत एकेक ठोका. कप आत सरकत असतो तोवर टंग, टंग असा पोकळ आवाज येतो. हबच्या आतल्या खांद्याला तो टेकला की आवाज एकदम जड होतो, ठक्क. हातालाही झटका वेगळा येतो. तिथे थांबायचं. खांदा गंजानं गोल झाला असेल तर बॅटरी मारून फट नीट दिसत नाही, म्हणून कानावरच भरवसा. फीलर, म्हणजे फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी, घालून बघता येतं. त्या दिवशी मी फीलर घातला नाही.

आतला कप बसला, बाहेरचा बसला. नवीन बेअरिंगांत तळहातावर दाबून ग्रीस भरलं, सील लावलं, ड्रम चढवला. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक जड झालं की एक षष्ठांश फेरा मागे. षटकोनी नटाला ते सोपं आहे, बरोबर एक बाजू मागे. मग लॉक वॉशर, वरचा नट, आणि वॉशरचा कान वाकवून नटावर दाबायचा. हे काम मी डोळे मिटून करू शकतो. आजकालच्या गाड्यांना हबसकट बेअरिंग येतं, बोल्ट मारले की संपलं. बंदूक लावून घर्र घर्र करत आवळणाऱ्या नव्या पोरांना एक बाजू मागे घेणं म्हणजे काम कच्चं ठेवणं वाटतं. थोडी जागा नसेल तर गरम झालेलं बेअरिंग स्वतःलाच खातं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

दुपारचे अडीच वाजले होते. चाकाला वर-खाली धरून हलवून पाहिलं, खेळ नाही, म्हणजे कुठे सैल नाही. काका म्हणाले, "झालं ना, मिस्त्री? आता काहून चक्कर मारता या उन्हात, सकाळी मी पाहून घेईन." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. हात धुवायला नळाजवळ गेलोही होतो.

पण गेलो चक्कर मारायला. वर्धा रोडनं मेट्रोच्या डबल डेकर पुलाखालून छत्रपती चौकाच्या पुढे आणि परत. घुमणं पूर्ण बंद. हबला हात लावला तर कोमट, असायला हवं तेवढंच. परत आल्यावर उस्तादांच्या सवयीनं दोन्ही चाकं पुन्हा जॅकवर घेतली. उजवं तसंच होतं. डावं वरून-खालून हलवलं आणि कट्ट झालं.

पोट्ट्याला ब्रेक दाबायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावरही खेळ राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावं-उजवं वळतं ती खीळ, गेला तर बेअरिंग. गेला.

टोपण काढलं. वॉशरचा कान जसा वाकवला होता तसाच. नट हलला नव्हता. मग हललं काय? पहिल्यांदा मनात आलं, दुसऱ्या दुकानदारानंही फसवलं. मग वाटलं, स्पिंडल झिजलं असेल. दोन्ही वेळा दोष दुसऱ्यावर टाकत होतो. ड्रम काढून बाहेरच्या कपात बॅटरी मारली, तर एका बाजूला केसाएवढी फट. रस्त्यावरच्या भारानं कप थोडा आत गेला होता, म्हणून खेळ आला. पण अजूनही टेकला नव्हता. रविवारी वाटेतल्या मनसरपर्यंत तो आणखी आत गेला असता, आणि गडाच्या वळणावर चाक डगमगत असताना मागच्या सीटवर तीन पोरं असती.

मी उठून कूलर बंद केला. पोर्चमध्ये एकदम शांत झालं. तेव्हा पोट्टा खाली बघत म्हणाला, "उस्ताद, मला सकाळीच वाटलं होतं. बाहेरच्या कपाचा आवाज बदलला नव्हता."

"मग बोलला काहून नाही?"

काही बोलला नाही. त्यानं बोलावं तरी कसं? पहिल्या महिन्यात त्यानं मला ग्राहकासमोर प्लगच्या गॅपबद्दल टोकलं होतं, तेव्हा मीच त्याला दिवसभर बाहेर बसवलं होतं. माझ्या उस्तादांनी मला असंच वाढवलं. उस्तादाचा हात चालू असताना तोंड उघडलं की मागून टपली. त्यांचं काम चोख होतं आणि त्या टपल्यांनीच मी शिकलो, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो. पण त्यांच्या हाताखाली असताना मलाही काही ऐकू आलं असेल आणि मी गप्प बसलो असेन. त्यातली किती चाकं पुढे कुठल्या रस्त्यावर सैल झाली, ते आता मला कोण सांगणार?

काकांना मी म्हणालो, "नवीन बेअरिंग आहे, एकदा बसल्यावर पुन्हा सेट करावं लागलं." खोटं नाही, पण खरंही नाही. काकूंनी विचारलं, "कूलर काहून बंद केला हो?" मी म्हणालो, "ग्रीसवर धूळ उडते." तेही तसंच. त्यांनी मायेनं आणून ठेवला होता, त्याच्या माथी कसं मारू? मला ऐकू येत नसेल तर बंद करा म्हणायचं काम माझं होतं.

आणि खरंच कूलरमुळेच ऐकू आलं नाही का? तोच कूलर पोट्ट्याच्याही कानाशी होता. तीस वर्षं घण, हातोडी आणि सायलेन्सर नसलेली इंजिनं ऐकलेले कान आहेत माझे. बायको म्हणते, टीव्ही फार मोठा लावता.

पुन्हा जुना कप ठेवला, पितळी रॉड धरला आणि ठोकायला लागलो. पोट्टा समोर उकिडवा बसून हबकडे कान लावून होता. दोन ठोके, तीन ठोके. "अजून नाही," तो हळूच म्हणाला, मला पहिल्यांदाच. चौथा, पाचवा. त्यानं मान हलवली आणि मी थांबलो. फीलर घातला, कुठेच गेला नाही.

रविवारी दुपारी काकांचा फोन आला. मनसरला चहाला थांबले तेव्हा हबला हात लावून पाहिला, गार होतं. नातवंडं खूश होती. मी बरं म्हणालो. पण पाचव्या ठोक्याला मी आवाज ऐकून थांबलो की पोट्ट्याची मान हललेली पाहून, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.